बाबासो शिंगे आणि आठ खुंट्यांची दावण

एका संगणकाची वायर दुसऱ्या संगणकाला जोडून देणारी माणसं कोल्हापुरात पुढं गल्लोगल्ली झाली. एकोणीसशे पंच्याण्णव साली आमच्या माहितीत ती तीनच होती आणि त्यांतली दोन पुण्याहून यायची. तिसरा बाबासो शिंगे. तो सिद्धार्थनगरातून सायकलवरून यायचा, म्हणून वेळेवर यायचा.

आठवीवर आयटीआय करून तो वायरमन झाला होता. पहिली दहा वर्षं त्यानं कर्णे लावले. लग्नाला लावले, सभेला लावले, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला लावले, आणि निवडणुकीत ज्या पक्षानं आधी बोलावलं त्याच्या जीपवर लावले. मग घरोघर केबल टीव्ही आला आणि कर्ण्याची वायर ओढणारा माणूस टीव्हीची वायर ओढू लागला. खांबावर चढायचं, चार घरांच्या कौलांवरून वायर न्यायची, आणि खालून एखादी बाई "आमच्यात मुंग्या दिसालत्यात" म्हणून ओरडली की परत चढायचं, असं त्याचं चाललं होतं. बरीच वर्षं तो शहराच्या डोक्यावर वावरला, पण त्याला गर्व झाला नाही. गर्व करायला दोन्ही हात मोकळे लागतात, आणि खांबावर तशी सोय नसते.

राजारामपुरीतल्या एका कॉम्प्युटर क्लासनं त्याला बोलावलं ते या वायरीमुळंच. त्या काळी नेटवर्क म्हणजे एकच काळी गोल वायर, दहा संगणकांच्या पाठीमागून तोरणासारखी गेलेली. पुण्याचे इंजिनिअर पुढच्या महिन्यात येतो म्हणाले होते, आणि क्लासच्या जाहिरातीत ह्याच महिन्यात सुरू होणार असं छापून झालं होतं. बाबासोनं नमुन्याची वायर हातात घेतली आणि म्हणाला, "ही तर टीव्हीची." त्यानं घरातलं टीव्हीच्या वायरीचं वेटोळं आणून ओढलं. नेटवर्क सुरू झालं. मग ते एक दिवसाआड बंद पडू लागलं. दोन्ही वायरी दिसायला जुळ्या बहिणी. फरक एवढाच की टीव्हीची पंचाहत्तर ओहमची असते आणि संगणकाची पन्नासची. हा आकडा वायरीच्या अंगावर बारीक अक्षरात छापलेला असतो, पण वायर वाचायची पद्धत आपल्याकडं नाही. बाबासोनं ती आठव्या दिवशी वाचली. त्यानंतर हातात आलेली प्रत्येक वायर तो आधी वाचायचा आणि मग ओढायचा. "पेपर वाचायचं सोडून माणूस वायर वाचतोय," असं त्याची बायको मीनाबाई शेजारणींना सांगायची. तक्रारीच्या सुरात सांगायची, पण सांगायची सगळ्यांना.

त्या काळ्या वायरीच्या दोन्ही टोकांना एकेक चकचकीत बूच लावावं लागे. का, ते क्लासचालकाला माहीत नव्हतं. पुस्तकात 'लावावे' एवढंच लिहिलं होतं. बाबासोला ते बघताक्षणी कळलं.

"विहिरीत हाक मारली की माघारी येतीय की न्हाय?" तो म्हणाला. "तसंच हाय हे. वायरीतला निरोप टोकाला आपटतोय, माघारी येतोय आणि मागनं येणाऱ्याच्या पायात पाय घालतोय. बूच लावायचं म्हंजे विहिरीत गादी टाकायची. हाक गप."

दहा वर्षं कर्णे हाताळलेल्या माणसाला हे सुचलं यात नवल नव्हतं, पण क्लासच्या मालकानं कर्णा कधी हाताळला नव्हता. मालकांनी पुढची तीन वर्षं हे वाक्य विद्यार्थ्यांना स्वतःचं म्हणून ऐकवलं.

बाबासोची खरी विद्या ही होती. वायर कुणीही ओढतं. पण गिऱ्हाईक ज्या धंद्यातलं असेल त्या धंद्याच्या भाषेत वस्तू समजावून द्यायची, हे दुसऱ्या कुणाला जमलं नाही. इंजिनिअर समजावून सांगत तेव्हा गिऱ्हाईक मान डोलवी आणि वस्तूला हात लावायला भिई. बाबासोनं समजावलं की गिऱ्हाईक हसे आणि वस्तूला हात लावी. यातलं काय बरं, याचा निकाल लागायला दोन हजार तीन साल उजाडावं लागलं.

मधल्या काळात काळी वायर गेली आणि आठ रंगीत तारांची वायर आली. आठ तारा ठरलेल्या क्रमानं एका काचेसारख्या बुचात बसवून दाबायच्या असतात. चार रंग, प्रत्येक रंगाची जोडी. क्रम मात्र सरळ नाही. नारिंगी जोडी शेजारी शेजारी, तपकिरी जोडी शेजारी शेजारी, पण हिरवी फुटलेली आणि तिच्या मधोमध निळी. इंजिनिअर लोक हे चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवत. बाबासोनं त्याची पंगत केली. "कडंची दोन जोडपी सुखी हायती. हिरव्या नवराबायकोचं वाजलंय, म्हणून मधी निळं जोडपं बसवलंय, समजूत काढायला." निळा मधोमध बसतो, हे त्याला पहिल्यापासूनच पटलं होतं. त्याबद्दल त्यानं कुणाला कारण विचारलं नाही.

आणि मग ते खोकं आलं, ज्यात सगळ्या वायरी येऊन मिळतात. आधी हब आला, मागून स्विच. दोन्ही दिसायला सारखेच, वहीएवढे, पुढं आठ भोकं आणि बारीक दिवे. स्टेशन रोडकडच्या एका प्रसूतिगृहात डॉक्टरांनी त्याला विचारलं, की दोन्हींत फरक काय आणि महागडा कशाला घ्यायचा.

"असं बघा डॉक्टरसाहेब," बाबासो म्हणाला. "एक नर्स बाहीर येती आणि व्हरांड्यात वरडती, मुलगा झाला! वीस माणसं उठून हुबी ऱ्हात्यात. एकोणीस परत बसत्यात. तो हब. दुसरी नर्स येती, गप जाती आणि ज्याला झालाय त्याच्याच कानात सांगती. तो स्विच."

डॉक्टरांनी स्विच घेतला. त्या वेळी व्हरांड्यात सुनेच्या बाळंतपणाला आलेल्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी हे सगळं ऐकलं, आणि वायरवाल्याचं नाव-गाव विचारून घेतलं. त्यांना सगळे आक्का म्हणत. कळंब्याच्या पलीकडच्या एका गावातल्या दूध संस्थेच्या त्या संचालक होत्या. संस्थेचं नाव आम्ही सांगत नाही, कारण तिथं अजून तीच माणसं आहेत.

पण त्यांचा निरोप येण्याआधी बाबासो खांबावरून पडला. दोन हजार दोनच्या श्रावणात गुडघा मोडला, आणि तो जोडून देताना डॉक्टर म्हणाले, चालाल, पण चढणार नाही. केबलवाल्यानं दुसरा माणूस ठेवला. शहरात तोवर वायर जोडणारी दुकानं निघाली होती. त्यांच्या पाट्या इंग्रजीत होत्या, आणि पाटी इंग्रजीत असली की गिऱ्हाईकाला आपोआप धीर येतो. बाबासो घरी बसला. आठ-दहा महिन्यांनी तो अंगणातल्या शिडीकडं बघू लागला.

"परत चढलासा तर शिडी फोडून चुलीत घालतो," मीनाबाई म्हणाली.

"मग खायचं काय?"

"शिडीवर शिजंल की तेवढं दोन दिस."

ही परिस्थिती असताना आक्कांचा निरोप आला.

संस्थेत रोज दोन वेळा दूध यायचं आणि गुंडूतात्या ते रजिस्टरात लिहायचे. किती लिटर, किती फॅट. तात्या बावीस वर्षं लिहीत होते. त्यांचं अक्षर फक्त त्यांना लागायचं आणि तेही त्याच दिवशी. त्यामुळं कुणाची तक्रार आली की रजिस्टर तात्याच वाचायचे आणि निकालही त्यांचाच लागायचा. गावातल्या बायकांना हे पसंत नव्हतं. आक्कांनी बैठकीत संगणकाचा ठराव मांडला: दाराशी वजन, आत फॅट, ऑफिसात चिठ्ठी, आणि चिठ्ठी जिची तिच्या हातात. तीन संगणक आले. ते एकमेकांशी बोलणार कसे, हा प्रश्न उरला, म्हणून बाबासो.

चेअरमन सयाजी चौगले हे सावध गृहस्थ होते. गोठ्यात चौदा जनावरं, डोक्याला पटका, आणि प्रत्येक ठरावाला अनुमोदन देण्यापूर्वी दाराकडं बघायची सवय.

"पावणं," ते बाबासोला म्हणाले, "पुण्याचा इंजिनिअर सोडून तुम्हाला बोलावलंय, ते आक्काच्या शब्दावर. माझी अट ऐका. पंधरा दिस, सकाळ-संध्याकाळ मिळून तीस टायमं. एकदा बी संकलन अडलं तर ही खोकी गुंडाळायची आणि रजिस्टर उघडायचं. न्हाय अडलं तर तालुक्यातल्या बारा संस्थांचं काम तुमास्नी. हा माझा शब्द."

बारा संस्था म्हणजे शिडी कायमची बंद. बाबासोनं अट मान्य केली. गुंडूतात्यांनी रजिस्टर कपाटात ठेवलं, पण कपाटाला कुलूप लावलं नाही.

दोन दिवसांत वायरी ओढून झाल्या. ऑफिसच्या भिंतीवर फळी ठोकून तीवर स्विच बसवला. हिरवे दिवे लुकलुकू लागले, तशी सगळी संस्था फळीखाली जमली.

"हे काय हाय?" चेअरमननी विचारलं.

बाबासोनं क्षणभर विचार केला. समोर गोठ्यातली माणसं होती.

"दावण," तो म्हणाला. "आठ खुंट्यांची. ही वायर म्हंजे दावं. प्रत्येक मशीन आपापल्या खुंटीला बांधलंय. बांधलेलं हाय तवर ते दावणीला हाय, कळपात हाय. दावं सुटलं की जनावर गेलं रानात."

माणसं खूश झाली. शिपाई आकाराममामांनी तर ते पाठच केलं. दुसऱ्या दिवसापासून पाहुणा आला, टँकरचा ड्रायव्हर आला, जनावरांचा डॉक्टर आला, की मामा त्याला फळीखाली नेत आणि म्हणत, "ही आमची दावण. आठ खुंट्या. तीन भरल्यात."

पण खरं तर चार भरल्या होत्या. पुढच्या महिन्यात पशुखाद्याच्या गोदामात चौथा संगणक यायचा होता. बाबासो हुशार माणूस. त्यानं त्याची वायर आत्ताच तयार केली, एक टोक चौथ्या खुंटीत बसवलं, बाकीचं वेटोळं खिळ्याला अडकवलं. दुसरं टोक, बुचासकट, फळीखाली वीतभर लोंबत राहिलं.

तेरा दिवस काही अडलं नाही. बायका रांगेत येत, किटली ओतत, चिठ्ठी घेत आणि ती पदराच्या गाठीत बांधून जात. आक्का चिठ्ठी मोठ्यानं वाचत, मुद्दाम, तात्यांच्या टेबलासमोर. तात्या बाहेर उभे राहून आभाळ बघत.

चौदाव्या दिवशी बेंदूर आला.

ज्यांना बेंदूर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगायचं, तर त्या दिवशी आमच्याकडं बैलाला काम नाही. त्याला धुतात, शिंगं रंगवतात, बेगड लावतात, गोंडे बांधतात, पाठीवर झूल घालतात, आणि जुनी दावी टाकून नवी बांधतात. पुरणपोळी आधी बैल खातो, मग मालक. आकाराममामांकडं बैल नव्हता. असलेला पाच वर्षांपूर्वी गेला होता. दर बेंदराला मामा दुसऱ्यांच्या बैलांची शिंगं रंगवत फिरायचे. या वर्षी त्यांच्या ताब्यात एक दावण होती.

सकाळी साडेपाचला त्यांनी ऑफिस उघडलं. स्विच ओल्या फडक्यानं पुसला. बाबासोनं पाणी लावू नका सांगितलं होतं म्हणून फडकं चांगलं पिळून घेतलं. वरच्या अंगाला हिंगुळाची दोन बोटं ओढली, कडेनं बेगड चिकटवली, दोन लाल गोंडे सोडले आणि नातीच्या बाहुलीचं जरीचं वस्त्र झूल म्हणून वर पांघरलं. नैवेद्य दाखवला. मग त्यांची नजर खाली गेली. चौदा दिवस ती जात होती. बेंदराच्या दिवशी, सजलेल्या दावणीखाली, एक दावं सुटून लोंबत होतं.

मामांनी ते उचललं. एक रिकामी खुंटी बघितली. बूच आत ढकललं. टिक् असा आवाज झाला, बूच बसलं. आणि त्याच क्षणी सगळे दिवे एकदम, एका ठेक्यात, लेझीमच्या फडासारखे नाचू लागले. मामांनी हात जोडले. इतक्या वर्षांत कुठल्याही बैलानं त्यांना इतकी लगेच पोच दिली नव्हती.

सहाला संकलन सुरू झालं. पहिली किटली वजनावर चढली, आकडा पडद्यावर आला आणि तिथंच थांबला. आत फॅटच्या संगणकाला त्याचा पत्ता नाही. ऑफिसातून चिठ्ठी नाही. संगणक बंद करून चालू केले. फळीवरच्या स्विचची पिन काढून परत घातली. दिवे क्षणभर गप बसले आणि पुन्हा नाचू लागले.

"बिघडलंय म्हणावं तर दिवे किती जोरात लागल्यात," चेअरमन म्हणाले.

"सण हाय," मामा म्हणाले.

गुंडूतात्या आत गेले आणि रजिस्टर घेऊन बाहेर आले. त्यांनी ते टेबलावर उघडलं, तारीख घातली, पेन झटकलं. "आण गं किटली," ते रांगेतल्या पहिल्या बाईला म्हणाले.

पहिल्या होत्या आक्का. त्यांनी किटलीचं झाकण लावलं आणि त्यावर हात ठेवला.

"चिठ्ठी असंल तर दूध हाय."

"आक्का, लिहितो की मी."

"लिव्हा. आन् वाचायला उद्या कोण येणार?"

मागं पन्नास-साठ बायका होत्या. पन्नास-साठ झाकणं लागली. दूध न्यायला दूध संघाची गाडी साडेआठला यायची. ती कुणासाठी थांबत नाही, आणि सणाच्या दिवशी तर ड्रायव्हरला स्वतःच्या घरी जायची घाई. चेअरमननी घड्याळ बघितलं आणि सिद्धार्थनगरात फोन लावला.

बाबासो मुलाच्या एम-एटीवर मागं बसून आला. पाय लांब ठेवून, एका कुशीवर. दारातून आत येताना त्याला रांग दिसली, लागलेली झाकणं दिसली, उघडं रजिस्टर दिसलं. मग भिंतीवर त्याचा स्विच दिसला. म्हणजे दिसला नाही. दिसली ती झूल.

"ही उतरावी लागंल," तो म्हणाला.

रांगेत कुजबूज झाली. बेंदराची झूल संध्याकाळी मिरवणूक झाल्याशिवाय उतरवत नाहीत. बाबासोला ते माहीत होतं. ती उतरवणारा हात आपला असू नये, हेही माहीत होतं. गावात हात कुणाचा होता हे यंत्रापेक्षा जास्त दिवस लक्षात राहतं. तो फळीपासून दोन पावलं मागं सरला.

"मामा," तो म्हणाला, "जनावर तुमचं हाय. आजारी हाय. औषध पाजायचं तर झूल काढतो का न्हाय आपण?"

मामांनी चेअरमनकडं बघितलं. चेअरमननी दाराकडं बघितलं.

"काढा की मर्दानू," आक्का म्हणाल्या, "दूध फाटल्यावर काढणार हाईसा का?"

मामांनी स्वतःच्या हातानं झूल काढली, घडी केली आणि खांद्यावर टाकली. बाबासोनं दिवे बघितले. एवढे सगळे एकदम नाचतात म्हणजे स्विच जळलेला नाही, ही पहिली बरी गोष्ट. पाणी गेलेलं नाही, ही दुसरी. मग गोंडे बाजूला करून तो बुचं मोजू लागला. एक, दोन, तीन, चार. पाच.

त्यानं परत मोजली.

"मशीनं किती?"

"तीन," मामा म्हणाले.

"मग पाचवं दावं कुणाचं?"

"ते सुटलं व्हतं," मामा अभिमानानं म्हणाले. "मी बांधलं."

बाबासोनं पाचवं बूच दाबून बाहेर ओढलं. दिवे एकदम शांत झाले आणि पहिल्यासारखे, आपापल्या चालीनं, लुकलुकू लागले. वजनाच्या संगणकावर अडकलेला आकडा आत सरकला. ऑफिसातलं छपाई यंत्र खरखरलं आणि एक चिठ्ठी बाहेर आली. आक्कांनी झाकण उघडलं.

या सगळ्याला दहा मिनिटं लागली. खोळंबा मात्र दीड तासाचा झाला होता. रांग भराभर सरकली, आणि गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा शेवटच्या चार किटल्या उरल्या होत्या. पण ड्रायव्हरला मामांनी पुरणपोळी दिली असल्यामुळं तो तेवढा वेळ थांबला.

मग चेअरमन टेबलाशी बसले. गुंडूतात्या रजिस्टरावर हात ठेवून त्यांच्या शेजारी बसले. बाबासो उभा राहिला, कारण गुडघा एकदा वाकवला की सरळ व्हायला वेळ लागायचा.

"झालं काय नेमकं?" चेअरमननी विचारलं.

बाबासोपुढं दोन रस्ते होते. मामांचं नाव घ्यावं, तर बेंदराच्या दिवशी मामांची पूजा वाईट ठरते. न घ्यावं, तर बारा संस्था जातात.

"एका दाव्याची दोन्ही टोकं दावणीलाच बांधली गेली," तो म्हणाला. "मधी जनावरच न्हाय. मग झालं काय, एका खुंटीतनं निरोप निघतोय आणि दुसऱ्या खुंटीतनं परत आत येतोय. आत आला की परत भाईर. मळणीचा बैल तिवड्याभोवती फिरायलाय, आणि खळ्यात कणीसच न्हाय. एका घटकेत असं हजार बैल झालं. वाट सगळी त्यांनीच भरली. मशीनचा निरोप जाणार कुठनं?"

"मग चूक कुणाची?" तात्यांनी विचारलं.

"माझी. दावण मी म्हटलं. मोकळं दावं बी मीच ठेवलं. गोठ्यातल्या माणसाला मोकळं दावं दावायचं आणि हात लावू नको म्हणायचं, हे काय खरं न्हाय. आणि हात लावू नको असं तर मी म्हटलं बी न्हवतं."

मामा खांद्यावरची झूल चाचपत होते.

"संकलन अडलं," चेअरमन म्हणाले.

"अडलं."

"अट काय ठरलीती?"

"एकदा बी अडलं तर गुंडाळायचं." बाबासोनं खिळ्यावरचं वेटोळं काढून हातात घेतलं. "गुंडाळतो."

तात्यांनी रजिस्टराचं पान सरळ केलं. आक्का काही बोलायला पुढं आल्या, पण चेअरमननी हात वर केला. त्यांनी वेटोळ्याचं लोंबतं टोक दोन बोटांत धरलं आणि फिरवून बघितलं.

"पाचव्या दिशी," ते म्हणाले, "मीच हे हातात घेतलंतं. रिकामी खुंटी बघत हुतो. तेवढ्यात संघाचा फोन आला, म्हणून ऱ्हायलं."

"मी तर रोज बघालतो," आक्का म्हणाल्या. "म्हटलं, एवढी माणसं हायती, ह्याला कोण बांधीना कसं."

चेअरमननी तात्यांकडं बघितलं. गुंडूतात्यांचा गोठा चांगला होता, आठ जनावरं, आणि तात्या खोटं बोलणारे नव्हते. त्यांचं फक्त अक्षर वाईट होतं.

"दोनदा," तात्या म्हणाले. "बुचाचं तोंड कुणीकडं करायचं ते कळलं न्हाय."

"म्हंजे आज आकाराम नसता तर उद्या मी, न्हायतर परवा तात्या," चेअरमन म्हणाले. "अट मशीनला घातलीती. खोड आमची निघाली." त्यांनी टोक खाली सोडलं. "बाबासो, मागलं चौदा दिस गेलं. आजच्या सांजच्या टायमापासनं नवं पंधरा दिस. पर ते सुटं दावं पयलं भाईर न्या. ते हितं असंपर्यंत माझा मलाच भरोसा न्हाय."

'पावणं' जाऊन 'बाबासो' आलं, हे बाबासोच्या लक्षात आलं. त्यानं चौथं बूच काढलं आणि वेटोळं एम-एटीच्या पिशवीत घातलं. तात्यांनी रजिस्टरातल्या त्या तारखेखाली एक शब्द लिहिला आणि वही कपाटात ठेवली. तो शब्द 'बेंदूर' असावा, असं चेअरमनना वाटतं. नक्की सांगता येत नाही.

नव्या पंधरा दिवसांत काही अडलं नाही. चेअरमननी शब्द पाळला. अंगणातली शिडी मीनाबाईनं फोडली नाही, तिच्यावर दोडक्याचा वेल चढवला.

बारा संस्था झाल्यावर तेरावी, चौदावी आपण होऊन आली. बाबासोची समजावून सांगायची सवय गेली नाही. पण आता तो एक गोष्ट आधी करू लागला. उपमा सुचली की तो लगेच बोलायचा नाही. ह्या माणसांच्या हातात ही वस्तू दिली तर ती तिचं काय करतील, याचा तो चहा संपेपर्यंत विचार करायचा. मलकापुरात एका पतसंस्थेत त्याच्या मनात पाटाचं पाणी आलं होतं: एक पाट, आठ वाफे. पण समोर बसलेले सगळे ऊसवाले होते. आपला वाफा आधी भरावा म्हणून शेजाऱ्याची वायर उपटणार नाही असा एकही चेहरा त्याला दिसला नाही. त्यानं पाट गिळला. विजेचा मीटर म्हणावा, तर त्यात लोक काय काय करतात हे वायरमनला कुणी सांगायला नको.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात तो गगनबावड्याला गेला. घाटमाथ्यावरची संस्था, चार संगणक, एक स्विच. फळी ठोकून झाली, दिवे लुकलुकू लागले, माणसं खाली जमली. चेअरमननी तोच प्रश्न विचारला. बाबासोनं चहा सावकाश संपवला. कप खाली ठेवला. बाहेर रान होतं.

"मोहोळ," तो म्हणाला. "आग्या. आत माश्या जात्यात-येत्यात, त्यांचं त्या बघत्यात."

माणसं एक पाऊल मागं सरकली.

दोन हजार नऊ साली तो स्विच बदलायला बाबासो परत गेला. पाच वर्षांत संस्थेतून एकही तक्रार आली नव्हती. त्यानं फळीवर हात फिरवला, तर बोटभर धूळ निघाली. वायरींवर कोळ्यानं जाळी केली होती. स्विचखाली जमिनीवर खडूनं कुणीतरी रेघ ओढली होती आणि रेघेच्या अलीकडं केरसुणीचे फटकारे स्वच्छ दिसत होते. पलीकडं कुणी गेलेलं नव्हतं. धुळीच्या आत चारही दिवे, बारीक, हिरवे, आपापल्या चालीनं चालू होते.

बाबासोनं खिशातून रुमाल काढला, नाकाला बांधला आणि फुंकर मारली.